पहिला प्रॉडक्ट डिझाइन पोर्टफोलिओ: कुठून सुरू करायचं आणि काय काय गाळायचं

गेल्या काही वर्षांत मी ॲप आणि वेबसाइट डिझाइन करणाऱ्यांचे बरेच पोर्टफोलिओ बघितलेत. काही टीममध्ये माणूस घ्यायचा होता म्हणून आणि बरेचसे "ताई जरा बघून सांग ना" म्हणून आलेले. खरं सांगते, नवशिक्यांचे बहुतेक पोर्टफोलिओ मला दुसऱ्या दिवशी आठवत पण नाहीत. डिझाइन वाईट असतं असं नाही, सगळे एकसारखे दिसतात एवढंच. वर तिरपा तरंगणारा फोन, त्याखाली पिवळ्या स्टिकी नोट्सचा फोटो, मग हसऱ्या चेहऱ्याचा एक पर्सोना (म्हणजे नमुन्यादाखल रचलेला एक युझर), मग चाळीस स्क्रीन आणि शेवटी मोठ्या अक्षरात थँक यू. एवढं सगळं स्क्रोल करून झालं की मला एकच प्रश्न उरतो, अरे पण यात तू नेमकं ठरवलंस काय?

हा लेख त्या एका प्रश्नासाठीच आहे. पहिला पोर्टफोलिओ बनवताना काय क्रमाने करायचं ते सांगते, आणि जिथे लोक जास्त अडकतात तिथे जरा जास्त बोलेन.

पोर्टफोलिओ म्हणजे आल्बम नाही

ग्राफिक डिझाइनमधून किंवा इलस्ट्रेशनमधून येणाऱ्यांना हे थोडं खटकतं. तिथे काम बघितलं की कळतं. प्रॉडक्ट डिझाइनमध्ये स्क्रीन हा शेवटचा भाग असतो, त्याआधी कुणासाठी, कशासाठी, काय बनवायचं आणि मुख्य म्हणजे काय बनवायचं नाही हे ठरलेलं असतं, आणि ते ठरवताना डेव्हलपर, प्रॉडक्ट मॅनेजर, सपोर्टची माणसं अशा सगळ्यांशी डोकं लावावं लागतं. त्यामुळे तुम्हाला घेणारा माणूस तुमचा निळा रंग किती सुंदर आहे हे बघत असतोच, पण तो शोधत असतो ते वेगळंच, ही व्यक्ती अडली की विचार कसा करते.

म्हणून दोन प्रोजेक्ट पुरतात. तीन झाले तर उत्तम. सहा नकोत, कारण सहामधला सगळ्यात कच्चा प्रोजेक्ट लोक आधी उघडतात, का कोण जाणे पण तसंच होतं. रोज एक स्क्रीन काढायची वगैरे चॅलेंज असतात ती हाताला वळण लागायला छान आहेत, ड्रिबल या डिझाइन दाखवायच्या साइटवर टाका, पण त्यांना केस स्टडी (म्हणजे एका प्रोजेक्टची सविस्तर गोष्ट) म्हणू नका.

प्रोजेक्ट निवडणे (इथेच अर्धी लढाई)

"माझ्याकडे क्लायंटच नाही, मग काय दाखवू" हा सगळ्यात कॉमन प्रश्न. क्लायंट लागत नाही. प्रॉब्लेम लागतो आणि तो प्रॉब्लेम असलेली चार-पाच माणसं लागतात जी तुम्हाला प्रत्यक्ष भेटू शकतील. माझी कसोटी एकच, हे काम करताना कुणालातरी मी शेजारी बसून बघू शकते का? हो असेल तर प्रोजेक्ट चांगला. नसेल तर कल्पना कितीही भारी असू दे, पुढे सगळं कल्पनेतच होणार आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

एखाद्या प्रसिद्ध ॲपचा अख्खा रिडिझाइन करू नका असं मी सांगते, कारण त्यांनी ते बटण तिथे का ठेवलंय हे तुम्हाला माहीत नसतं. त्यांच्याकडे डेटा आहे, कायदेशीर भानगडी आहेत, दहा वर्षांचा जुना कोड आहे. तुम्ही बाहेरून येऊन सगळं गोंडस करता आणि वाचणारा म्हणतो, हं. करायचंच असेल तर एकच फ्लो घ्या. पासवर्ड विसरल्यावर काय होतं, ऑर्डर रद्द करताना काय होतं, पत्ता बदलताना काय होतं. इतकं छोटं.

आणि आधी दुसऱ्या क्षेत्रात नोकरी केली असेल तर ते सोनं आहे. अकाउंट्समध्ये होता, शिकवत होता, दुकान सांभाळत होता, कॉल सेंटरला होता, तिथे रोज ज्या सॉफ्टवेअरला शिव्या घालत होता तेच घ्या. त्या कामातली खाचखळगी तुम्हाला जेवढी माहीत आहेत तेवढी कुठल्याच नवख्या डिझायनरला नसणार.

माझा स्वतःचा पहिला धड म्हणावा असा प्रोजेक्ट एका छोट्या लायब्ररीच्या वेबसाइटचा होता. फक्त एक गोष्ट, घेतलेल्या पुस्तकाची मुदत वाढवणे. एवढीच. तेव्हा मला वाटलेलं की हे फार किरकोळ दिसेल. नंतर इंटरव्ह्यूत सगळ्यात जास्त गप्पा त्याच्यावरच झाल्या. पुढे हेच उदाहरण घेऊन चालते.

प्रॉब्लेम एका वाक्यात लिहा, फिग्मा हे डिझाइनचं टूल उघडायच्या आधी

सुरुवातीला मी लिहिलं होतं, "लायब्ररीची वेबसाइट जुनी असून युझर एक्सपीरियन्स सुधारण्याची गरज आहे." या वाक्यात काहीच नाही. कुठल्याही वेबसाइटला चिकटवा, चिकटेल.

चौथ्या-पाचव्यांदा लिहिलं तेव्हा असं झालं, "पुस्तक कधी परत करायचं ते माझं खातं, मग इतिहास, मग पुस्तकाचं नाव अशा तीन टॅपनंतर दिसतं, त्यामुळे लोकांना तारीख दंड लागल्यावरच कळते." आता बघा, यात कोण अडकतंय, कुठे अडकतंय आणि त्याचं काय नुकसान होतंय हे तिन्ही आलं. आणि उपाय अजून आलेला नाही. प्रॉब्लेमच्या वाक्यात "ॲप", "डॅशबोर्ड", "नोटिफिकेशन" असले शब्द आले की समजायचं आपण आधीच उत्तर ठरवून बसलोय आणि आता त्याला शोभेल असा प्रश्न शोधतोय.

माणसांशी बोला

गूगल फॉर्म करून ग्रुपवर टाकणं म्हणजे रिसर्च नाही. म्हणजे अगदीच वाईट नाही, पण साठ लोकांनी "हो, मला असं ॲप आवडेल" म्हटलं त्याला काडीचा अर्थ नाही, कारण हो म्हणायला काय जातंय. पाच माणसांशी अर्धा-अर्धा तास बोला, आणि पुढे काय कराल ते न विचारता मागे काय केलंत ते विचारा. "मागच्या वेळी मुदत वाढवलीत तेव्हा काय काय केलं, मला करून दाखवा." करून दाखवा हे फार महत्त्वाचं. लोक बोलताना म्हणतात सोपं आहे हो, आणि करायला बसले की दोन मिनिटं चुकीच्या मेन्यूत फिरत असतात.

पाचच का? वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलेला हिशोब यात नेहमी सांगितला जातो, की साधारण पाच युझरबरोबर टेस्ट केली तर वापरातल्या अडचणींपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास सापडतात. पण त्याचा पुढचा भाग लोक विसरतात. पंधरा माणसं मिळत असतील तर पंधराही एकदम वापरू नका, पाच घ्या, सुधारा, परत पाच घ्या, सुधारा, असे तीन राउंड करा असं ते म्हणणं आहे. आणि हे टेस्टिंगबद्दल आहे, सर्व्हेबद्दल नाही. पाच जणांना विचारून "६० टक्के युझर म्हणतात" असं लिहू नका, पाचातले तीन जण म्हणाले असं लिहा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बोलायच्या आधी परवानगी घ्या, रेकॉर्ड करणार असाल तर तसं सांगा, आणि केस स्टडीत त्यांचं खरं नाव, फोटो, नंबर दिसणार नाही हे बघा. स्क्रीनशॉटमध्ये कोपऱ्यात कुणाचातरी ईमेल राहून जातो, तो पण झाका.

पर्सोनाबद्दल एक. सॉफ्टवेअर डिझायनर ॲलन कूपर यांनी नव्वदच्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली ती खऱ्या मुलाखतींवर उभी होती. आता आपण वय २८, आवड प्रवास आणि कॉफी असं लिहून स्टॉक फोटो लावतो. पुढच्या कुठल्याच निर्णयात तो पर्सोना वापरला नसेल तर सरळ काढून टाका. डिझाइनची प्रक्रिया दाखवणाऱ्या डबल डायमंडच्या चित्राचं पण तेच. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलची ती आकृती चांगली आहे, पण वाचणाऱ्याने ती शंभरदा बघितलेली असते, तुमच्या केस स्टडीत ती टाकून नवीन काही कळत नाही.

आता काढायला घ्या

आधी कागद. दहा मिनिटांत सहा वेगळे मार्ग काढा, घाण काढले तरी चालतील, पण सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. पुढे केस स्टडी लिहिताना हेच लागतात आणि तेव्हा सापडत नाहीत. मी एकदा चक्क प्रोजेक्ट संपल्यावर जुनी दिसावीत म्हणून स्केचेस परत काढली होती. असलं करू नका, ते फार स्वच्छ दिसतात आणि ओळखू येतं.

टूल कुठलं हा वाद घालत बसू नका. फिग्मा घ्या, ब्राउझरमध्ये चालतं, बहुतेक टीम तेच वापरतात, आणि फुकटच्या प्लॅनवर पहिला पोर्टफोलिओ आरामात होतो. ओपन सोर्सच हवं असेल तर पेनपॉट आहे. फिग्मात तीन गोष्टी नीट शिका, ऑटो लेआउट (मजकुराप्रमाणे जागा आपोआप जुळवणारं), कंपोनंट (परत परत वापरता येणारा भाग) आणि स्टाइल्स (जतन करून ठेवलेले रंग आणि अक्षरं). बाकी आपोआप येतं. ऑटो लेआउट येत नसेल तर मजकूर वाढला की तुमची स्क्रीन मोडते, आणि फाइल उघडून बघणारा माणूस पहिल्यांदा तेच करून बघतो, बटणातला शब्द लांब करतो. (मी करते.)

मोबाइलसाठी ३६० किंवा ३९० रुंदीची फ्रेम घेतली तरी पुरे. अंतरं ८ च्या पटीत ठेवा, ८, १६, २४, ३२, मध्येच १३ आणि १९ नको. स्वतःची डिझाइन सिस्टिम, म्हणजे बटणं, रंग, अक्षरं यांचा नियमांसकट संच, शून्यातून बांधायचा मोह होतो, तो आवरा. गूगलचं मटेरियल डिझाइन किंवा ॲपलच्या गाइडलाइन्स आहेतच, त्या वापरून प्रॉब्लेम सोडवणं जास्त शोभतं.

काही आकडे मात्र पाठ असू द्या कारण ते विचारतात. वेबवरच्या ॲक्सेसिबिलिटीचा जो डब्ल्यूसीएजी नावाचा नियमसंच आहे त्याच्या डबल ए पातळीला साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. नवशिक्यांचा लाडका फिका राखाडी, म्हणजे पांढऱ्यावर हॅश ९९९९९९ या कोडचा रंग, हा २.८५ च्या आसपास येतो, नापास. हॅश ७६७६७६ पर्यंत गडद केला की जेमतेम पास होतो. टॅप करायच्या जागेला ॲपल ४४ बाय ४४ पॉइंट सांगतं, मटेरियल ४८ बाय ४८ डीपी (पॉइंट आणि डीपी ही दोन्ही स्क्रीनवरची मापं). आयकॉन २४ चा असू दे, त्याभोवतीची जागा मोठी ठेवा.

देवनागरीत डिझाइन करत असाल तर ओळींमधलं अंतर इंग्रजीसारखं ठेवू नका, वरच्या मात्रा आणि खालचे उकार छाटले जातात, आणि ते तुम्हाला लॉरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा निरर्थक लॅटिनसारखा मजकूर, टाकून कधीच दिसणार नाही. खरा मजकूर टाका. कुठल्याही भाषेत खराच मजकूर टाका.

आणि आता ज्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसते ते. सगळं सुरळीत असतानाची स्क्रीन सगळेच काढतात. यादी रिकामी असेल तेव्हा काय दिसतं? नेट गेलं तर? लोड होताना? पुस्तकाचं नाव चार ओळींचं असेल तर? लायब्ररीवाल्या प्रोजेक्टमध्ये माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये मुदत वाढवा बटण होतं, दाबलं की हिरवी बरोबरची खूण, झालं. मग तिथल्या एका कर्मचाऱ्याने सहज विचारलं, "आणि ते पुस्तक दुसऱ्या कुणी राखून ठेवलं असेल तर?" मी गप्प. कारण तेव्हा मुदत वाढतच नाही. जुन्या साइटवर तिथे लाल पट्टीत यायचं, "विनंती अयशस्वी." लोकांना वाटायचं साइट बिघडली, परत परत दाबत बसायचे. मी ते बदलून लिहिलं, "हे पुस्तक दुसऱ्या वाचकाने राखून ठेवलंय, त्यामुळे मुदत वाढणार नाही. १२ तारखेपर्यंत परत केलंत तर दंड लागणार नाही." आणि ज्या पुस्तकांची मुदत वाढूच शकत नाही त्यांच्यासमोर बटणच दाखवायचं नाही, तिथे कारण लिहायचं. रंग नाही, ॲनिमेशन नाही, दोन वाक्यं. इंटरव्ह्यूत पंधरा मिनिटं त्या दोन वाक्यांवर गेली.

टेस्ट करा आणि तोंड बंद ठेवा

फिग्मात स्क्रीन जोडून प्रोटोटाइप बनवा, माणसाच्या हातात फोन द्या आणि काम सांगा. "मुदत वाढवा बटण दाबा" असं नाही, त्यात उत्तरच आलं. "हे पुस्तक तुम्हाला अजून आठवडाभर हवंय, बघा काय करता येईल." आणि मग गप्प बसा. हे जमत नाही हो. माणूस अडखळला की आपल्या तोंडून निघून जातं, "ते खाली बघा ना." तिथे टेस्ट संपली.

माझ्या टेस्टमध्ये बटण स्क्रीनच्या तळाशी होतं, मोठं, ठळक. पाचातल्या तीन जणांनी बटण न दाबता तारखेवरच टॅप केलं. तारखेवर! मला आधी राग आला, एवढं मोठं बटण दिसत नाही का. मग कळलं, त्यांच्या दृष्टीने बदलायची गोष्ट तारीख आहे, तर ते तिला हात लावणारच. पुढच्या आवृत्तीत तारीख आणि बटण एकाच ओळीत आणलं. असा एक क्षण प्रत्येक प्रोजेक्टमध्ये सापडायला हवा जिथे तुम्ही चुकलेलात, नाही सापडला तर तुम्ही टेस्ट केली नाही किंवा नीट बघितलं नाही.

केस स्टडी लिहिणे

वाचणारा घाईत असतो. त्याच्यासमोर अजून वीस लिंक आहेत. म्हणून पहिल्या स्क्रीनवरच, स्क्रोल न करता, हे दिसू दे: प्रॉब्लेम काय होता, तुम्ही काय केलं, तुमचा रोल काय, किती दिवस लागले, आणि शेवटी झालेल्या डिझाइनचं एक मोठं स्वच्छ चित्र. शेवट आधी सांगायचा. रहस्यकथा नाहीये ही.

मग पुढे काय घडलं त्या क्रमाने लिहीत बसू नका. रिसर्च, आयडिएशन, वायरफ्रेम, टेस्टिंग अशी मथळ्यांची माळ सगळ्यांकडे असते आणि ती काहीच सांगत नाही. मथळाच बोलू दे. "युझर टेस्टिंग" च्या जागी "लोक बटण सोडून तारखेला हात लावत होते" असं लिहा, नुसते मथळे वाचणाऱ्यालाही गोष्ट कळते. आणि बहुतेक जण नुसते मथळेच वाचतात, हे आधी पचवा.

प्रत्येक मोठ्या निर्णयाला मी चार वाक्यं देते, म्हणजे अडचण काय होती, कुठले पर्याय होते, कुठला घेतला आणि का, आणि त्याची किंमत काय मोजली. शेवटचं वाक्य लोक गाळतात. "तारखेशेजारी बटण आणल्यामुळे लांब नावाची पुस्तकं दोन ओळीत कापावी लागली, ते मला अजून आवडलेलं नाही." असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, ही व्यक्ती बघते.

टीममध्ये केलं असेल तर मी आणि आम्ही यात घोळ नको. रिसर्च दोघींनी केला, स्क्रीन मी काढल्या, आयकॉन तिसऱ्याचे, असं सरळ लिहा. दुसऱ्याच्या कामावर आयत्या बिळातला नागोबा झालात तर ते पहिल्या तीन प्रश्नांतच उघडं पडतं, कारण "हे असं का केलं" याचं उत्तर ज्याने केलं त्याच्याकडेच असतं.

लांबी? एका केस स्टडीला सहाशे ते हजार शब्द बास. प्रत्येक चित्राखाली एक ओळ, की यात काय बघायचं. आणि चित्र म्हणजे वाचता येईल असं. नऊ स्क्रीन एकत्र चिकटवून केलेला कोलाज मोबाइलवर टपाल तिकिटांसारखा दिसतो. मॉकअपची नाकापेक्षा मोती जड अशी गत असते, फोनची चकाकी, सावली, हात, टेबल, झाड, आणि त्यात आपली स्क्रीन एवढीशी. एक मॉकअप वर लावा हौस म्हणून, बाकी सपाट स्क्रीन दाखवा. दुप्पट साइझमध्ये एक्सपोर्ट करा म्हणजे फाटत नाही, पण मग वजन कमी करून टाका, नाहीतर पान उघडायला वेळ लागतो आणि डिझायनरचं पान हळू उघडणं हे फार केविलवाणं दिसतं.

आकड्यांचा मोह

माझ्या पहिल्यावहिल्या पोर्टफोलिओत मी लिहिलं होतं, "युझर समाधान ४० टक्क्यांनी वाढले." कुठून आणलं? कुठून नाही. दुसऱ्या कुणाच्यातरी केस स्टडीत तसं होतं, भारी वाटलं, घातलं. एका कंपनीत इंटरव्ह्यूला समोरच्या बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, "आधीचं कसं मोजलं होतंत?" पुढची वीस मिनिटं मला आजही नको वाटतात.

लाँचच न झालेल्या प्रोजेक्टला रिझल्ट नसतात, आणि चालतं. जे मोजता आलं ते सांगा, जुन्या साइटवर पाचातल्या दोघांना काम पूर्ण करता आलं, नव्या प्रोटोटाइपवर पाचही जणांना. टॅप तीनवरून एकावर आले. बास, खरं आहे आणि पुरेसं आहे. कुणीतरी सांगेल एसयूएस स्कोअर (वापरायला किती सोपं वाटलं याचा स्कोअर) काढ म्हणून. जॉन ब्रूक यांची १९८६ ची ती दहा प्रश्नांची पद्धत चांगली आहे, पण तो ० ते १०० मधला स्कोअर टक्के नसतो, आणि सरासरी ६८ च्या आसपास मानतात, त्यामुळे "आम्हाला ७० टक्के मिळाले" असं लिहिलंत तर जाणकार माणूस हसेल. पाच माणसांवर तर तो काढूच नका. आणि लाँच झालं असतं तर काय मोजलं असतं हे दोन ओळीत लिहा, ते बघायला आवडतं लोकांना.

कुठे ठेवायचं

फार विचार करू नका. बिहान्सवर खातं काढून टाकता येतं, नोशनचं पान पब्लिक करता येतं, फ्रेमर किंवा वेबफ्लोवर साइट होते, थोडं कोडिंग येत असेल तर गिटहब पेजेसवर फुकटात. मी सुरुवातीला नोशन सुचवते, कारण तिथे सजवायला फारसं काही नसतं, मग झक मारत लिहावं लागतं. लोक वेबसाइटचं ॲनिमेशन करण्यात तीन महिने घालवतात आणि आत केस स्टडी एक, ती पण अर्धवट. सोबत एक पीडीएफ असू द्या, काही ठिकाणी फॉर्ममध्ये फाइलच मागतात.

नोकरीतलं काम दाखवायचं असेल तर आधी एनडीए, म्हणजे कंपनीशी केलेला गुपित राखायचा करार, वाचा. लोगो पुसला म्हणजे गुपित राहिलं असं नाही. पासवर्ड लावला तरी कंपनीची परवानगी नसेल तर नाहीच. अशा वेळी विचारून घ्या, नाही म्हणाले तर प्रोजेक्ट सोडा आणि दुसरा करा, दुसऱ्याचं गुपित फोडणारा माणूस उद्या आपलं पण फोडेल असा विचार समोरचा करतोच.

होमपेजवर नाव, एका ओळीत तुम्ही काय करता, आणि लगेच प्रोजेक्ट. "मी पॅशनेट, पिक्सेल परफेक्ट, युझर सेंट्रिक" हे सगळं काढा. "आधी चार वर्षं अकाउंट्समध्ये होते, आता फॉर्म आणि टेबलांचं डिझाइन करते" असं काही असेल तर ते लिहा, लक्षात राहतं. फिग्मा ९० टक्के, फोटोशॉप ७५ टक्के असे स्किलचे पट्टे पण नकोत, नव्वद म्हणजे कशाच्या नव्वद?

एआय वापरायचं का? वापरा, सगळेच वापरतात, मुलाखतीच्या नोट्स लावायला, शुद्धलेखन बघायला, पर्याय सुचवायला. फक्त कुठे वापरलं ते लिहा आणि युझरच बनवून घेऊ नका. एआयने लिहिलेले युझरचे कोट्स वाचायला फार व्यवस्थित असतात, खरी माणसं तशी बोलत नाहीत, खरी माणसं म्हणतात "अहो ते कुठे गेलं मगाशी होतं ना इथे".

पाठवायच्या आधी

तीन जणांना दाखवा. एक डिझायनर, एक डिझाइनशी काही संबंध नसलेला माणूस, आणि एक जो तोंडावर वाईट बोलू शकतो. "कसं वाटलं" विचारू नका, सगळे छानच म्हणणार. दोन मिनिटं वाचायला द्या, पान बंद करा आणि विचारा, मी काय प्रॉब्लेम सोडवला? त्यांचं उत्तर तुमच्या प्रॉब्लेमच्या वाक्याच्या जवळपास नसेल तर चूक त्यांची नाही, वरचा भाग परत लिहा.

मोठ्याने सांगायची पण प्रॅक्टिस करा, एक प्रोजेक्ट दहा मिनिटांत. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागतील. इंटरव्ह्यूत मध्येच थांबवून प्रश्न विचारतात, त्याने गडबडू नका, तेच तर हवं असतं त्यांना.

आणि पाठवताना लिंक प्रायव्हेट विंडोत उघडून बघा, मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर. हे फालतू वाटेल, पण मी एकदा एका आठवड्यात चौदा ठिकाणी अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही, मी आपली रोज मेल बघत बसलेले. दोन आठवड्यांनी मैत्रिणीला दाखवायला गेले तर तिच्या फोनवर फिग्माने ॲक्सेस मागितला. लिंक माझ्या एकटीसाठीच उघडी होती. शेअरमध्ये जाऊन, लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल असं केलं आणि चौदाच्या चौदा ठिकाणी परत मेल टाकले, विषयात "चुकीची लिंक गेली होती, माफ करा" असं लिहून. तिघांनी उत्तर दिलं.